शून्य लिहिलेले चार दिवस

चामोर्शीच्या बसस्टँडवर बाबांनी माझी पेटी एसटीच्या टपावर चढवली, खाली उतरून हात झटकले आणि विचारलं, “त्या चार दिवसाचा पाऊस तू कुठी नेला गा?”

मी म्हणालो, “कोणते चार दिवस?”

“बापासंग हुशारी नोको करू.”

तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली आणि मी सुटलो. हे मी आज, पन्नाशीजवळ आल्यावर, पहिल्यांदा लिहितो आहे. गावाकडच्यांसाठी लिहितो आहे, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठीही. तुमच्यातही कोणी असं काही करून निघालं असेल.

बाबा धानाची शेती सांभाळून रोजचा पाऊस मोजत. मोजायचं यंत्र नाल्यापलीकडे शाळेच्या आवारात होतं. सकाळी साडेआठला नाला ओलांडायचा, साठलेलं पाणी मोजायचं, रजिस्टरमध्ये आकडा लिहायचा. पूर आला की पलीकडे जाता येत नसे. त्या दिवसाचा रकाना ते कोरा सोडत. “नाई पाह्यलं तं नाई लिहाचं,” एवढंच म्हणत.

त्या वर्षी मी संख्याशास्त्रात बी.एस्सी. झालो होतो आणि पुढे शिकायला पुण्याला निघालो होतो. तालुक्याचे साहेब रजिस्टर न्यायला आले तेव्हा बाबा रोवणीसाठी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, होते. चार कोरे रकाने पाहून साहेब माझ्या बापाला कामचुकार म्हणतील, ही भीती होती. दुसरंही होतं, तेही सांगतो: शिकलेल्या मुलाला कोरा रकाना अडाणीपणाचा वाटत होता. मी बाबांच्याच पेनाने चार शून्यं लिहिली. साहेब खूश झाले. बाबांनी घरी राहिलेली कार्बन प्रत पाहिली, तीत शून्यं उमटली होती, आणि ओळखलं. त्यांनी कुठे तक्रार केली नाही. केली असती तर माझं नाव निघालं असतं.

ते चार दिवस त्या पावसाळ्यातल्या सगळ्यांत मोठ्या पुराचे होते.

काही वर्षांनी नाल्यावर रपटा झाला, म्हणजे पुराचं पाणी वरून वाहून जाईल असा ठेंगणा सिमेंटचा रस्ता. फारच ठेंगणा. एका श्रावणात सुमनवहिनीला, माझ्या थोरल्या भावाच्या बायकोला, कळा सुरू झाल्या आणि रपट्यावर छातीएवढं पाणी होतं. दुपारपर्यंत बैलगाडी काठावर उभी राहिली. वहिनी वाचली. बाळ वाचलं नाही.

मी शून्यांचं सांगितलं तेव्हा हाच भाऊ, मनोहर, मला फोनवर म्हणाला होता, “तुह्या चार शून्यानं का होते भाऊ? इंजिनियरनं रजिस्टर उघडून तरी पाह्यलं असन का?” हे खरं असेल. मला बरं वाटावं म्हणूनही तो म्हणाला असेल. आजवर मी त्यातलं काय धरावं ते ठरवू शकलेलो नाही.

आता मी इंडोनेशियात एका ज्वालामुखीजवळच्या ऑफिसात असतो. डोंगर पुन्हा किती वर्षांत पेटेल, कुठवर राख येईल, कोणती वस्ती हलवावी, याची शक्यता काढणं हे माझं काम. अशा डोंगराच्या नोंदी मोजक्याच असतात. पायथ्याच्या चौकीत एक जुनं रजिस्टर आहे, त्यात मधली काही वर्षं कोरी आहेत. ऑफिसातल्या तरुण मंडळींनी ती वर्षं शांत धरली होती. मी चौकीवरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला विचारलं. तो हसून म्हणाला, “साहेब, डोंगर भडकला की आम्ही पळतो. लिहायला कोण थांबतं?”

तेव्हापासून मी कोऱ्या जागेवर सगळ्यांत जास्त संशय घेतो. आम्ही जमीन खणून राखेचे थर पाहतो. म्हाताऱ्यांना एकेकटं बसवून विचारतो. आधी असे प्रश्न, ज्यांची उत्तरं आम्हाला माहीत आहेत. ज्याची उत्तरं बरोबर येतात त्याच्या पुढच्या अंदाजाला जास्त वजन देतो. शेवटी एक आकडा न देता, इथून इथवर असू शकेल, असं सांगतो. लोक माझ्या सावधपणाचं कौतुक करतात. मला मात्र शंका येते की मी धोका फुगवून सांगतो आहे, आणि माझ्या जुन्या पापापायी परक्या लोकांची घरं उठवतो आहे. माझे आकडे मी दुसऱ्याकडून तपासून घेतो ते त्यासाठीच.

मागच्या महिन्यात मनोहरचा फोन आला. रपट्याच्या जागी पूल होणार आहे. उंची ठरवायला पावसाच्या जुन्या नोंदी मागवल्यात. “बाबाचं रजिस्टर गेलं भाऊ. गावात सारे खूश हायेत.”

मी त्याच दिवशी इंजिनियरला पत्र लिहिलं: ती चार शून्यं माझी आहेत, वडिलांची नाहीत, ते दिवस कोरे समजावेत. उत्तर आलं, की मग त्या पुराची उंची सांगणारं दुसरं काही आणा. ते फक्त माणसांकडे आहे. मी एकेकाला फोन लावला. कोणी गुडघाभर म्हणालं, कोणी झाडाच्या फांदीला लागलं म्हणालं. वहिनी त्या वर्षीच लग्न होऊन घरात आली होती. तिला शेवटी विचारलं.

ती म्हणाली, “आता काऊन विचारून राह्यले भाऊजी? तवा तं तुमाले सारं मालूम होतं.”

“चुकलो, वहिनी.”

“फोनवर मी काई नाई सांगत. तुमी तिथी बसून का लिहान, मले का मालूम? या इथी. तुमाले नाल्यात उभं करतो, मंग दाखवतो पाणी कुठवर होतं. इंजिनियरले बी घेऊन या. माह्यासमोर लिहा.”

तिकीट काढलं आहे. इतकी वर्षं घर म्हटलं की मला धानाचा वास आठवायचा आणि मन शांत व्हायचं. आता घर म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास न ठेवण्याचा ज्यांना पूर्ण हक्क आहे, अशा माणसांचं गाव. वहिनी हात ठेवेल ती खूण मी टेपने मोजणार, आणि सही तिची घेणार.