माळकऱ्याच्या घरातलं बी-ट्वेल्व्ह

देवाने माझं ऐकलं की नाही, हे मला अजून नीट कळलेलं नाही. नाही ऐकलं म्हणावं, तर जे मागितलं ते अगदी तसंच मिळालं होतं. ऐकलं म्हणावं, तर त्या मिळण्यापायीच माझी लेक हातची जाणार होती. हे लिहायला बसले तरी मनातला गुंता सुटलेला नाही, म्हणून घडलं तसं सांगते.

मी अकोल्याच्या एका शाळेत गणित शिकवते. मुलांना दरवर्षी बजावते, की प्रश्न नीट वाचा, काय काढायचं आहे ते आधी पाहा. मुलगी प्राची तेव्हा अमरावतीला हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. करत होती. दिवाळीला आली ती सुकलेली. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायची, उजव्या बरगडीखाली दुखतं म्हणायची. सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गाठ दिसली. आमच्या डॉक्टरांनी रक्ताच्या बऱ्याच तपासण्या लिहून दिल्या. त्यातला एएफपी नावाचा आकडा लिव्हरच्या कॅन्सरमध्ये वाढतो, एवढं मला कळलं, आणि त्यापुढचं काही ऐकूच आलं नाही.

त्या रात्री मी देवासमोर बसून नवस केला. आमचं घर माळकरी, मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेला जाणारं. तिथे नवस-सायास कोणी शिकवत नाही, उलट ते सोडा असंच सांगतात. तरी केला. म्हटलं, एवढा आकडा नॉर्मल येऊ दे, हिवरखेडच्या शेतात रोडग्यांची पंगत घालीन. पोरगी बरी होऊ दे, असं म्हणायचं मला सुचलंच नाही. आकडा मागितला.

आकडा नॉर्मल आला. मी रिपोर्ट छातीशी धरून लॅबच्या पायरीवरच बसले आणि रडले. डॉक्टर म्हणाले, "बरं आहे, पण एवढ्यावर सोडू नका, गाठीचा स्पेशल स्कॅन करून घ्या." मी मान हलवली. प्राचीचे बाबा म्हणाले, "आता काहून चिंता करून राहिली तू? देवानं आइकलं ना!" मलाही तेच हवं होतं. स्कॅन प्राचीची परीक्षा झाल्यावर करू असं ठरलं आणि आधी नवस फेडला. सासरच्या शेतात गोवऱ्यांच्या विस्तवावर कणकेचे जाड रोडगे भाजले, वांग्याची भाजी, वरण, तूप, सगळा गोतावळा जेवला. प्राचीने अर्धा रोडगा कुस्करला आणि ताट बाजूला सारलं. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. याची लाज मला आजही वाटते.

पंगतीनंतरच्या रविवारी प्राचीला अमरावतीला सोडायला निघाले. म्हटलं, वाटेत नसली तरी अमरावतीहून पुढे मोझरी तासाभरावर, आधी महाराजांच्या समाधीचं दर्शन घेऊ. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर जेवायला बसलो. माझ्या शेजारी साठी उलटलेल्या एक बाई होत्या, पांढरी सुती साडी, जाड भिंगाचा चष्मा. त्या बराच वेळ प्राचीच्या ताटाकडे पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पोरगी जेवून नाही राहिली, ताई. काय होते तिले?"

विचारायचाच अवकाश होता. मी फाइल पिशवीतच घेऊन फिरत होते, लग्नाची पत्रिका दाखवावी तशी रिपोर्ट दाखवत होते. गाठीचं सांगितलं आणि एएफपीच्या ओळीवर बोट ठेवून म्हटलं, "मावशी, नॉर्मल आहे बघा." त्यांनी हात पुसले, फाइल घेतली आणि मी दाखवलेल्या ओळीवर न थांबता पान उलटलं. म्हणाल्या, "मी जलमभर लॅबमदी रक्त तपासलं, अचलपूरले. म्हनून पाहून राहिली, राग नका मानू." मग एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हिले बी-ट्वेल्व्हचे इंजेक्शनं देल्ले का?"

"नाही. गोळीसुद्धा नाही."

"मटन, अंडे?"

"आमच्या घरी माळ आहे, मावशी."

"मंग हे इतकं वर काहून गेलं?"

मी हसले. आमच्या नात्यात ज्याच्या त्याच्या रिपोर्टात बी-ट्वेल्व्ह कमी असतं. हिचं भरपूर आलं तेव्हा आम्हाला कौतुकच वाटलं होतं, पोरीचं रक्त चांगलं म्हणून. मी म्हटलं, "चांगलंच आहे ना ते?"

त्या हसल्या नाहीत. "वाईट हाय असं नाही म्हनत मी. डॉक्टर नाही मी. पन माळकऱ्याच्या घरात हा आकडा बसत नाही. लिव्हर बिघडलं तरी हे वाढते, अन् कधी कधी गाठच वाढवते. थो एएफपी नॉर्मल हाय म्हनून बसून नका राहू. उद्याच्या उद्या मोठ्या डॉक्टरले दाखवा." फाइल माझ्या हातात देऊन त्या ताट घासायला उठल्या. मी आकड्यांची मास्तरीण, आणि हा आकडा माझ्या डोळ्यांसमोर महिनाभर होता. जेवण तसंच टाकून उठले तेव्हा त्या गर्दीत दिसल्या नाहीत. नावसुद्धा विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अमरावतीतच स्कॅन झाला, मग गाठीचा तुकडा तपासला. आजाराचं नाव लांबलचक होतं, फायब्रोलॅमेलर. तरुण मुलांना, चांगल्या लिव्हरमध्ये होणारा दुर्मीळ कॅन्सर. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की यात एएफपी बहुतेक वेळा वाढतच नाही. म्हणजे मी ज्या आकड्यासाठी देवाला साकडं घातलं, त्याचा या गाठीशी फारसा संबंधच नव्हता. उत्तर बरोबर आलं होतं, प्रश्न चुकीचा होता. मला देवाचा राग आला, मग स्वतःचा आला.

नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण काढता आली. आणखी थांबला असतात तर कठीण होतं, एवढंच सर्जन म्हणाले. त्यानंतर बी-ट्वेल्व्ह उतरत गेलं. मी लगेच वहीत आकडे मांडायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी टोकलं, "यावर भिस्त ठेवू नका. हा नुसता सुगावा देतो, खरं काय ते स्कॅनच सांगेल." दर तीन महिन्यांनी स्कॅन, आणि मधल्या दिवसांत धरून राहायला हातात काही नाही.

त्या बाईंना शोधायला मी एसटीने अचलपूरला गेले. परतवाड्यापर्यंत लॅबा पालथ्या घातल्या. कोणी म्हणे अमक्या असतील, कोणी म्हणे तमक्या. त्या सापडल्या नाहीत. निवृत्त बाई, असतील कुठेतरी आपल्या घरी, चष्मा लावून गहू निवडत. त्यांना देवाने पाठवलं, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण आकडा नॉर्मल आला नसता तर मी मोझरीला गेले नसते, आणि नवस केला नसता तर स्कॅन आधीच झाला असता. कृपा नेमकी कुठल्या आकड्यात होती? हे गणित मी अनेकदा मांडलं, सुटलं नाही. आता मांडत नाही.

या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली. मागच्या महिन्यात प्राचीच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मी तिला थेट लॅबमध्ये नेलं. रक्त तपासलं, तर बी-ट्वेल्व्ह कमी. आपल्या सगळ्या गोतावळ्यासारखं, साधंसुधं कमी. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, दूध-दही वाढवा. मी लॅबबाहेरूनच प्राचीच्या बाबांना फोन लावला आणि ओरडले, "अहो, कमी आलं!" रस्त्यावरची माणसं बघायला लागली.

पुढच्या आठवड्यात स्कॅन आहे. काय निघेल, माहीत नाही. काल आम्ही दोघी मोझरीला जाऊन आलो. प्रार्थनेत सगळे गप्प बसतात त्या वेळी मी हात जोडले, आणि मागायला तोंडच उघडेना. तशीच बसून राहिले. जेवताना प्राचीने विचारलं, "आई, या वेळी काय मागितलं तू?"

"काहीच नाही गं."

"कमाल आहे," ती म्हणाली. तिचं ताट केव्हाच रिकामं झालं होतं. तिने हात लांबवून माझ्या ताटातली पोळी उचलली आणि खायला लागली.