जयश्री सिस्टरची कोपऱ्यातली खोली

जयश्री सिस्टरना तोंडावर कुणी काही म्हणत नाही, पण पाठीमागं त्यांचं नाव पडलंय ‘साबणसिस्टर’. त्यांना ते ठाऊक आहे. “म्हणू देत की! त्यानं काय अंगाला भोकं पडतात?”

जव्हारहून मोखाड्याकडे जाताना एका ट्रस्टचं लहानसं रुग्णालय लागतं, तिथल्या त्या मुख्य परिचारिका. त्या वॉर्डच्या दारात उभ्या असल्या की डॉक्टरसुद्धा मुकाट घड्याळ काढून खिशात टाकतात आणि कोपरापर्यंत हात धुतात. एकदा ट्रस्टचे अध्यक्ष हारतुरे घेऊन आले. बाईंनी आधी हार बाहेर ठेवायला लावला, मग हात धुवायला लावले आणि मग कुठं नमस्कार केला. आता बोला!

उगाच नव्हतं ते. मोखाड्याच्या बाजारपेठेतल्या शिंप्याची ही मुलगी ठाण्याला नर्सिंग शिकली. तिथं बाळांच्या वॉर्डात तिनं एक जंतू बघितला. औषधांना सरावलेला, मरता मरत नव्हता. तो हवेतून नाही, माणसांच्या हातांवरून एका पाळण्यातून दुसऱ्यात गेला. कपाटात औषधं भरलेली होती आणि बाळं जात होती. तेव्हापासून न धुतलेला हात दिसला की या बाईचं डोकं सणकतं.

तर यंदाच्या हिवाळ्यात फागी आली. पाड्यावरची सुईण. पायाला कोयता लागलेला, जखम चिघळलेली. आधी कुठल्याशा बोगस डॉक्टरकडून इंजेक्शनं घेतलेली, गोळ्या अर्ध्या खाऊन टाकलेल्या. जखमेतला पू तपासायला पाठवला आणि रिपोर्ट आला तो वाईटच. नेहमीची औषधं या जंतूपुढं फुकट, सलाईनमधून द्यायचं एकच औषध तेवढं चालणारं. सिस्टरनी त्याच दिवशी फागीला कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं. दाराशी एप्रन, हातमोजे, साबण. ताप बघायचं, बीपी मोजायचं, सगळं सामान वेगळं.

त्यात फागीची सून भागी त्याच रुग्णालयात बाळंत झाली. मुलगा झाला, घरातला पहिला नातू.

झालं! फागीचा मुलगा मुकेश तणतणत सिस्टरसमोर आला. “माझ्या आयसला वाळीत टाकलीत? आजारी माणसाला कोणी एकटा ठेवतो का? जीप आणतो, घरी नेतो आयसला. नातवाची पहिली आंघोळ तीच घालंल.”

जीप म्हणजे काय, ते सिस्टरना दिसलं. औषध अर्ध्यावर सुटणार, पाय जाणार, आणि जखमेला लागलेल्या हातांनी फागी बाळाला न्हाऊ घालणार. त्यांनी जंतू, रिपोर्ट, सगळं समजावलं. मुकेश जीपवाल्याला फोन लावू लागला. पालथ्या घड्यावर पाणी!

मग त्या एप्रन चढवून फागीशेजारी जाऊन बसल्या.

“मी काय पाप केला, बाय?” फागीनं विचारलं. “मना कशाला टाकली?”

“मावशी, पाड्यावर बाळंतिणीच्या कोपऱ्यात कोण जातं?”

“सुईण. दुसरा कोण जाईल?”

“आणि तिचा नवरा?”

“तो उंबऱ्याबाहेर! तसाच आत आला तर चुलीतला लाकूड दाखवते त्याला.”

“मग ही खोली तसलीच. इथली सुईण मी. तुझ्या जखमेतली घाण हातावरनं कोवळ्या पोराला लागली ना, तर माझ्याकडं त्यावर धड औषध नाही. खरं सांगते.”

सिस्टर सुईण, याचं फागीला हसू आलं. मग एकदम हसू विरलं. “म्हंजे नातवाला हात नाय लावायचा?”

“नाही.”

ती तोंड फिरवून रडली. सिस्टरना तिची फार कीव आली, पण त्यांनी शब्द मागं घेतला नाही. फागीनंच दाराबाहेरच्या मुकेशला हाक मारली आणि जीप आणलीस तर बघ म्हणून दरडावलं. मुकेश आईपाशी राहिला, भागीपाशी तिची आई. या खोलीतलं माणूस त्या खोलीत गेलं नाही. जखम भरू लागली, आणि बाळंतिणींच्या वॉर्डात तो जंतू कुणालाही लागला नाही. सिस्टर छाती ठोकून सांगतात हे, आणि का सांगू नये?

भागीला घरी सोडायच्या दिवशी ती बाळ घेऊन अंगणातून कोपऱ्यातल्या खिडकीशी आली. सिस्टर आत पट्टी बदलत होत्या. पोरीनं बाळ गजांपाशी धरलं. “आय, एकदा हात लाव. कोण बघतंय?”

सिस्टर ओरडणारच होत्या. पण त्याआधी फागीनं दोन्ही हात काखेत दाबून घेतले.

“मागं सर!” ती म्हणाली. “अजून मागं. हां, तिथनं दाखव.”

भागीनं दुपटं बाजूला केलं. फागी बघत राहिली. अख्ख्या पाड्याची पोरं या हातांनी झेललेली, आणि घरचं तेवढं राहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलासुद्धा तिनं हात काढले नाहीत.

“आंघोळ तूच घाल आता,” ती सुनेला म्हणाली. “पाणी कोपरानं बघ, बोटानं नको. पालथा पायावर घे. मान धर. भिऊ नको, मी इथनं सांगते तशी घाल.”