प्रियदर्शनीनं उतरवलेला फ्लेक्स

मी राजापेठेत फ्लेक्स छापतो. वाढदिवस, निवडणूक, गृहप्रवेश, श्रद्धांजली, सगळं माझ्याच मशीनखालून निघतं. या धंद्यानं मला एक गोष्ट शिकवली: आमच्या गावात इज्जत फुटांत मोजतात. सहा बाय चार म्हणजे बरा माणूस, दहा बाय आठ म्हणजे वजनदार, आणि त्याच्या वर गेला की समजावं, याला नगरसेवक व्हायचंय. माझं त्यात काही बिघडत नाही. पण लावलेला फ्लेक्स उतरवा म्हणून सांगायला आलेलं एकच माणूस मी पाहिलं, आणि तेही गिऱ्हाईक नव्हतं. फुकटचं भांडायला आलं होतं. दोनदा.

प्रियदर्शनी तायडे तिचं नाव. बाप संघपाल एसटीच्या डेपोत मेकॅनिक, आई रागिणीताई अंगणवाडीत. घर माझ्या दुकानामागच्या गल्लीत. पहिल्यांदा आली तेव्हा नुकतीच दहावी झाली होती. आमच्या भागात घराघरांवर शिकवणीच्या क्लासेसच्या पाट्या आहेत. त्यातल्याच एका क्लासनं निकालाचा फ्लेक्स माझ्याकडून करून घेतला होता, हसऱ्या पोरांच्या फोटोंच्या चार रांगा. मधल्या रांगेत ही.

"काका, हा फोटो माया आहे," ती म्हणाली.

"हो बेटा. अभिनंदन."

"अभिनंदन नोका करू. काढा तो. मी त्या क्लासात दोनच महिने होती. दोनशे पोट्टे, सर माइकवर बोलत, मागं फळा दिसे नाई. मी हात वर करून सांगतलं तं म्हने, पुढच्या वर्षी लवकर येऊन जागा धर. मी सोडला क्लास. घरी अभ्यास केला. मंग माया फोटो कावून?"

मी म्हटलं, पैसे क्लासवाल्यांनी दिलेत, त्यांना विचार. ती गेली नाही. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली आणि येईल त्याला सांगायला लागली, "मी या क्लासात फक्त दोन महिने होती हो." दुपारपर्यंत मी रडकुंडीला आलो. शेवटी मीच क्लासवाल्याला फोन केला आणि तिच्या फोटोवर पांढरा कागद चिकटवून आलो. तो पांढरा चौकोन त्या हसऱ्या पोरांच्या मधोमध सगळा उन्हाळा तसाच होता. येणारे-जाणारे मला विचारायचे, हे लेकरू वारलं का?

हा स्वभाव तिनं आजोबांकडून उचललेला. बुधाजी तायडे मोर्शीकडे संत्र्याच्या बागांमध्ये पेट्या भरायला जायचे. पेटी भरताना मोठी, चकचकीत फळं वरच्या रांगेत लावतात, हे त्यांच्याच हातचं काम. म्हणून घरात त्यांनी कायदा करून ठेवला होता: काहीही विकत घ्या, आधी ओतून पाहा. संत्री असोत, कांदे असोत, गव्हाचं पोतं असो, तायड्यांच्या ओट्यावर चादर अंथरायची, माल पालथा करायचा, मग भाव. हातगाडीवाले त्या गल्लीत आले की तायड्यांच्या दारासमोरून पाय उचलून चालायचे. "वरची रांग इकासाठी असते, खासाठी खालची," म्हातारा म्हणायचा. नातीनं हे वाक्य नुसतं ऐकलं नाही, गिळलं होतं.

बारावीला तिला असे मार्क पडले की आमची गल्ली आठ दिवस तिच्याबद्दलच बोलत होती. तिला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायचं होतं. यादी लागली, आणि एका मोठ्या शहरातल्या मोठ्या नावाच्या सरकारी विद्यापीठात तिचा नंबर लागला. नाव मी सांगणार नाही. माझं दुकान आहे, मला कोणाची नोटीस नको. एवढंच सांगतो की ते नाव घेतलं की आमच्याकडचे लोक खुर्चीत सरळ होऊन बसतात.

त्याच संध्याकाळी उत्तमराव खंडारे माझ्या दुकानात आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, विहाराच्या समितीचे अध्यक्ष, पांढरा शर्ट, खिशाला पेन. "शेषराव, वीस बाय दहा कर. चौकात लावाचा आहे. बाबासायबांचा फोटो वर, पोरीचा मधात, अन् विद्यापीठाचं नाव लांबून दिसलं पायजे." मी विचारलं, प्रवेश घेतला का तिनं? "घेईनच ना. नाई कावून घेईन?"

आमच्या गावाची ही रीतच आहे, आधी फ्लेक्स लागतो, प्रवेश मागून होतो. मीही दोन दिवस थांबा म्हणालो नाही. छापला आणि लावला. चौकात दुचाक्या थांबून लोक वर पाहायला लागले. प्रियदर्शनीही पाहून गेली. काही बोलली नाही. मला वाटलं, वयाप्रमाणं शहाणी झाली.

शहाणी कसली! पाठीला सॅक लावून, बापाला घेऊन, ती त्या विद्यापीठाची पेटी ओतून पाहायला निघाली होती.

काय पाहिलं ते तिनं परत आल्यावर माझ्या दुकानात बसून सांगितलं, म्हणून मला ठाऊक. वरच्या वर्गांचे तास सुरू झाले होते. ती सरळ एका वर्गात जाऊन बसली. वर्ग कसला, लग्नाचा हॉल. दीडशेच्या वर मुलं, सर पडद्याजवळ, हातात माइक. "काका, दोन तास बसली मी. मी कोन, कुठची, कावून बसली, कोनी इचारलं नाई. उठून गेली तरी कोनाले समजलं नाई." बाजूला नांदेडची एक मुलगी होती, दुसऱ्या वर्षाला. हिनं तिला विचारलं, सर तुझ्याशी कधी बोलले? ती हसली. म्हणाली, हजेरीचा नंबर बोलतात ना. प्रयोगशाळेत आठ जणांत एक मायक्रोस्कोप. पाहिलं की सरकायचं, मागची रांग ओरडते. वसतिगृहात जागा नव्हती, बाहेर खोलीचं भाडं ऐकून संघपाल फुटपाथवर बसला. "फी माफ आहे आपल्याले," प्रियदर्शनी म्हणाली, "पन पोट माफ नाई ना."

परत येताना ती सरळ घरी आली नाही. बापाला म्हणाली, अकोल्याला उतरू, मावशीकडं. अकोल्यात मावशीच्या घरापासून चालत जाता येईल असं एक जुनं कॉलेज, इमारतीचा रंग उडालेला, नाव त्या जिल्ह्याच्या पलीकडं कोणी ऐकलेलं नाही. वर्गात बावीस मुलं. ही दारात उभी राहिली तर शिकवणाऱ्या बाईंनी शिकवणं थांबवलं. "कोण गं तू? दारात काय उभी, आत ये." आत घेतलं आणि थेट मायक्रोस्कोपपुढं बसवलं. काय दिसतंय? हिनं सांगितलं. चूक. पुन्हा पाहा. पुन्हा सांगितलं. पुन्हा चूक. "पंधरा मिनिटं त्या मले माई चूक दाखवून राहिल्या होत्या, काका," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मी या पोरीला रडताना कधी पाहिलं नव्हतं. "बारा वर्षं झाली शाळेत जाऊन. कोनाजवळ एवढा टाइमच नव्हता मायासाठी."

आता खरं सांगतो, मला तिचा रागच आला. एवढं मोठं नाव पायाशी चालत आलं, आणि ही बया रंग उडालेल्या भिंतीकडं चालली! मी म्हटलं, "बाई, उद्या नोकरीच्या मुलाखतीत अकोल्याचं नाव सांगशील तर कोण विचारील?" ती म्हणाली, "मालूम आहे मले. नावाचं वजन असते. पन मले काई आलंच नाई, तं ते नाव घेऊन मी काय करू?"

रविवारी विहारात सत्कार ठेवला होता. स्टेजमागचा फ्लेक्सही माझाच, म्हणून मलाही बोलावणं होतं. शाल, पुस्तक, गुलाबाचं फूल. संघपाल पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेला. त्यानं पोरीला एवढंच सांगितलं होतं: तुझं तू ठरव, पण सभेत तूच सांग, माझ्यानं नाही होणार. उत्तमरावांनी भाषणात त्या विद्यापीठाचं नाव चारदा घेतलं. मग ती उभी राहिली आणि म्हणाली की मी तिकडं जाणार नाही, अकोल्याला प्रवेश घेतलाय.

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. उत्तमराव उठले. मला वाटलं ते रागावतील. पण त्यांचा आवाज चिरला.

"पोरी, तुले मालूम आहे का? मले त्याच शहरात नंबर लागला होता. एकोनऐंशी साली. बापानं बैल इकला. खोली शोधली म्या महिनाभर. आडनाव सांगतलं का दार बंद. स्टेशनवर झोपलो, अन् वापस आलो. जिंदगीभर पाटबंधाऱ्यात फायली लावल्या. तू त्या दारातून गेली असती नं, तं मीच गेलो असतो."

पोरगी आता मागं फिरणार, असं मला वाटलं. फिरायलाच हवं होतं, असंही वाटलं.

ती म्हणाली, "उत्तमकाका, तुमचं दुःख मोठं आहे. मी ते इसरनार नाई. पन तुमाले दारातून जायाचं होतं. मले आत बसून शिकाचं आहे. दार आता उघडं आहे म्हनून घुसावंच लागते का?"

"लोक काय म्हनतीन?" मागून कोणीतरी ओरडलं. "चौकात फ्लेक्स लागला आहे!"

उत्तमराव तेवढ्यावर अडून बसले. म्हणाले, फ्लेक्स उतरायचा नाही. राहू दे तसाच. कुठं शिकते, कोण पाहायला जातं? वस्तीची इज्जत आहे. शाल तिच्या खांद्यावर टाकली आणि सभा उठवली.

सोमवारी सकाळी ती माझ्या दुकानात हजर. "काका, उतरवा."

"पैसे समितीचे आहेत. मी उतरवू शकत नाही. आणि या वेळी पांढरा कागदही चिकटवणार नाही."

"मंग शिडी द्या."

"देत नाही."

ती आत गेली, टेबलावरचं कटर उचललं आणि माझ्या देखत शिडी खांद्यावर घेऊन चालू लागली. मी मागं धावलो, ओरडत. भर चौक, सकाळची शाळा-क्लासची वेळ, चारी बाजूंनी हॉर्न. तिनं शिडी खांबाला टेकवली, ओढणी कमरेला खोचली आणि वर चढली. वीस फुटी फ्लेक्सवरची प्रियदर्शनी चौकात हसत होती, आणि खरी प्रियदर्शनी दातांत कटर धरून तिच्या कानाजवळ पोचली होती. लोक थांबले. पोरं मोबाइल काढायला लागली. एक जण म्हणाला, पोलिसांना बोलवा. दुसरा म्हणाला, अरे, ही तर फोटोतलीच आहे.

तेवढ्यात उत्तमरावांची स्कूटर आली. कोणीतरी कळवलं असणार. स्कूटर रस्त्यातच टाकून ते धावले. "उतर! उतर खाली! काय तमाशा लावला आहे! संघपाल कुठं आहे?"

"डेपोत," ती वरून म्हणाली, आणि एक दोरी कापली. फ्लेक्सचा कोपरा फडफडत खाली लोंबला. वारा त्यात भरला आणि शिडी सरकली. उत्तमरावांनी दोन्ही हातांनी शिडी धरली. शिव्या देत, पण घट्ट. त्यांच्या खिशातलं पेन रस्त्यावर पडलं.

"खालची दोरी आंधी काप, येडे!" ते ओरडले. "वरची कापशीन तं तुले घेऊनच पडन ते!"

तिनं ऐकलं. एक पाऊल खाली आली, खालची दोरी कापली, मग पुन्हा वर.

"काय सांगू मी लोकाईले?" उत्तमराव खालून म्हणाले. आता आवाजात राग नव्हता, नुसती काकुळती होती. "इचारतीन तं काय सांगू? का पोरीले झेपलं नाई? का घाबरली?"

तिनं कटर थांबवलं आणि खाली पाहिलं. भर चौकात, सगळ्यांच्या देखत, ती मोठ्यानं म्हणाली:

"काका, त्या शहरानं तुमाले नाई म्हटलं होतं ना? सांगा लोकाईले. या वेळी त्याईनं बोलावलं होतं. आपली पोरगी जाऊन पाहून आली, अन् तिनं त्याईले नाई म्हटलं."

आणि तिनं शेवटची दोरी कापली. वीस बाय दहाचा फ्लेक्स उत्तमरावांच्या डोक्यावरून, माझ्या अंगावरून खाली आला. आम्ही दोघं त्याच्या आत, अंधारात. मला वाटलं, म्हातारा आता रडतोय. मी हातानं फ्लेक्स बाजूला केला. उत्तमरावांनी शिडी सोडली नव्हती. केस विस्कटलेले, चष्मा वाकडा.

समोर एक रिक्षावाला थांबला होता. त्यानं विचारलं, "काय झालं वो साहेब? पोरीचा नंबर कटला का?"

"नंबर कटला?" उत्तमराव कडाडले, चौकभर ऐकू जाईल असे. "अबे, त्याईनं बोलावलं होतं! आमच्या पोरीनं नाई म्हटलं त्याईले! नाई म्हटलं!"