मोरूदादांनी उघडी ठेवलेली फाइल

मोरूदादा गेले त्याला आता दीड महिना झाला. बातमी घरून नाही, कारखान्यातून आली. गोखिवऱ्याच्या आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात माल रवाना करण्याचं काम बघणारे डाबरे फोनवर होते. "मीना, पाटील गेले गं. आज पहाटे, झोपेतच." मी तशीच पलंगावर बसले. मग तेच चाचरत म्हणाले, "तेराव्यानंतर एकदा येशील काय? त्यांचा कॉम्प्युटर चालूच हाय. बंद करायचं कोनाला धाडस होत नाय."

मोरूदादा म्हणजे मोरेश्वर पाटील, गास गावचे. घरी भातशेती आणि भाजीची वाडी, कारखान्यात लागले ते स्टोअरमध्ये कारकून म्हणून. नव्वदच्या आसपास मालकांनी मिनी कॉम्प्युटर घेतला. नाव मिनी, आकार कपाटाएवढा, आणि त्याच्यासाठी काचेची थंडगार खोली. कारखान्यात एसी फक्त मालकांना आणि त्याला. ते यंत्र शिकायला दुसरं कुणी तयार होईना म्हणून दादांना पाठवलं. मी दोन वर्षांनी आले, माणिकपूरहून रिक्षाने, कॉम्प्युटरचा कोर्स केल्याची घमेंड घेऊन. त्या यंत्राच्या भाषेत प्रत्येक अक्षराचं घर, म्हणजे ओळीतली कितवी जागा, ते ठरलेलं असे. दादांनी पुठ्ठ्याच्या पट्टीवर घरांचे आकडे लिहिले होते, ती पडद्याला लावून ते ओळ तपासत. मला ते बावळटपणाचं वाटे. मग एकदा माझ्या हातून एक चांदणी (*) सातव्या घरात पडली. सातव्या घरातली चांदणी म्हणजे 'ही ओळ वाचू नकोस' अशी यंत्राला खूण. नेमकी ती ओळ माल पोचवायचं ठिकाण बदलण्याची होती. दोन दिवस सगळे ट्रक एकाच गोदामाच्या दारात जाऊन उभे राहिले. मी रडकुंडीला आले होते. दादा ओरडले नाहीत. "यंत्रानं तुझं ऐकलं, बाय," ते म्हणाले, "तू काय बोललीस ते बघ." आणि पट्टी माझ्यापुढे सरकवली.

पुढे टेबलावरच्या पीसीवर बसून त्या मिनीसाठी प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर आलं. मिनीतली फाइल पीसीवर उघडायची, ओळी रंगीत दिसायच्या, अक्षर चुकीच्या घरात पडलं की ओळ लाल. आणि एकाने फाइल उघडली की मिनी ती त्याच्या नावाने अडवून ठेवायचा, दोघांचे हात एकात एक गुंतू नयेत म्हणून. दादांना आधी ते पटलं नाही. "चूक दाखवतं, पन चूक का झाली ते कुठं दाखवतं?" असं म्हणत. वर्षभरात मात्र त्यांना त्याच्यावाचून करमेना. तोवर आम्ही एकेक जण निघालो होतो. मी अंधेरीला इंटरनेटच्या कामात गेले. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीही त्याचा नाद सोडला. नवीन आलं ते कारखान्याच्या जुन्या पीसीवर चालेना. नवा पीसी मागितला की उत्तर ठरलेलं, पुढच्या वर्षी सगळी सिस्टीमच बदलायची आहे. ते पुढचं वर्ष सहा-सात वर्षं आलं नाही. पीसी बंद पडला की दादा चरे पडलेल्या सीडी पुसून सगळं पहिल्यापासून चढवत. एकटेच. दमले होते हो ते, खरंच दमले होते.

गेल्या वर्षी माणिकपूरच्या बाजारात भेटले. म्हणाले, "कोनाला तरी ठाव पायजे ना. चार रविवार ये, सगळं दाखवतो." मी म्हटलं, "येते हो, दादा." मग गणपती आले, मग मुलाची परीक्षा, मग काहीच नव्हतं तरी गेले नाही. खरं सांगायचं तर कंटाळा. उद्या मोडीत निघणाऱ्या गोष्टीसाठी माझे रविवार कशाला, असं मनात होतं. दोनदा फोनवर त्यांनी आठवण करून दिली. शेवटच्या फोनला दिली नाही. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे लिहिताना लाज वाटते.

तेराव्यानंतर गेले. नव्या गोदामाचं नाव प्रोग्रॅममध्ये घालायचं होतं आणि तिथला माल अडकून पडला होता. दुसऱ्या पीसीवरून फाइल उघडली तर यंत्राचं उत्तर, 'फाइल पाटील यांच्या वापरात आहे.' डाबरे म्हणाले, "असंच सांगतं गं रोज." मी दादांच्या खुर्चीत बसले. पडद्यावर त्यांचं अर्धं काम तसंच होतं, अठरा नव्या ओळी, शेवटची मध्येच तुटलेली. घरी जायची वेळ झाली असेल, उद्या पुरं करू म्हणून उठले असतील… परत आलेला माल ताज्या मालात मिसळतो, त्यावर ते काहीतरी करत होते, एवढं डाबऱ्यांना ठाऊक होतं. मी तासभर त्या ओळी वाचल्या. रीत त्यांची होती, पण जायचं कुठे होतं ते उमगेना. मी ते चार रविवार गेले असते तर उमगलं असतं.

फाइल बंद करायला गेले तेव्हा प्रश्न आला, बदल ठेवायचे की टाकायचे. अर्धवट बदल ठेवला तर ट्रक पुन्हा भलतीकडे जाणार. मी एक कागद मागितला, अठरा ओळी घर मोजून उतरवून घेतल्या आणि मग 'टाका' म्हटलं. गोदामाचं नाव घातलं, माल सुटला. फाइलींच्या यादीत प्रत्येकीपुढे शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव दिसतं. वरपासून खालपर्यंत पाटील, पाटील, पाटील, आणि त्या एका ओळीत मी. डाबरे चहा घेऊन आले, तो तसाच निवला.

येत्या काही महिन्यांत नवी सिस्टीम येणार म्हणतात, ह्या वेळी खरोखर. त्या अठरा ओळींचा मग कुणालाच उपयोग नाही. तरी रविवारी जेवणं आटोपली की मी तो कागद घेऊन बसते. अर्थ लावत नवव्या ओळीपर्यंत आले आहे. पुढचं दादांना विचारायला हवं होतं.