स्लॅब ‘पडला’ म्हणू नये

रमाकांत गेला, हे त्याच्या बायकोने, सुलभाने सकाळी फोनवर सांगितलं. झोपेतच गेला म्हणाली. मी रिक्षा करून भाईंदरजवळच्या डोंगरी गावात पोचले तेव्हा ओटीवर माणसं जमली होती आणि आत सुलभा मोबाईल हातात धरून बसली होती. तिने तो माझ्यापुढे केला. भाईंदर पूर्वेला ती दोघं राहायची, त्या जुन्या सोसायटीचा ग्रुप. जोडलेल्या हातांची रांग, ‘देवमाणूस हरपला’, ‘असा माणूस होणे नाही’, आणि लगेच खाली कुणीतरी विचारलेलं, ‘आज पाणी किती वाजता सोडणार?’ देवमाणूस म्हणे! गेल्या गणपतीत हेच लोक याच ग्रुपवर त्याला बिल्डरचा दलाल म्हणत होते. आपल्याकडे माणूस चांगला व्हायला आधी मरावा लागतो.

रमाकांत आणि मी सिव्हिलच्या डिप्लोमाला एका बॅचला. वर्गात मुलगी मी एकटी. पहिली नोकरीही भाईंदरच्याच एका साइटवर दोघांना बरोबर लागली. मला बघितलं की ठेकेदाराला माझ्या रंगाची काळजी. ‘मॅडम, उन्हात कशाला? ऑफिसात पंख्याखाली बसा ना.’ रमाकांत म्हणायचा, ‘ती पंख्याखाली बसली तर तुझ्या सळ्या कोण तपासणार? तेच पाहिजे ना तुला?’ हा डोंगरीच्या कोळ्याचा मुलगा, खारं पाणी ओळखायला याला प्रयोगशाळा लागत नव्हती. एकदा रेतीचा ट्रक आला तेव्हा त्याने चिमूटभर रेती उचलून सरळ जिभेवर ठेवली, थुंकला आणि म्हणाला, ‘खाडीची आहे. परत ने.’ खाऱ्या रेतीने आतली सळी गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं. ठेकेदार खो खो हसला. ‘साहेब, रेती खायची नसते, वापरायची असते!’ ट्रक काही परत गेला नाही. नोकरी मात्र गेली, रमाकांतची.

साइटवर स्लॅब भरून झाला की नारळ फुटतो, पेढे वाटतात आणि जो तो आनंदाने सांगत सुटतो, ‘स्लॅब पडला!’ म्हणजे नीट ओतून झाला. सगळ्या मुंबईभर हीच बोली आहे. रमाकांतच्या कपाळावर मात्र आठी. ‘पडला म्हणायचं नाही. भरला म्हणा.’ पेढा हातात घेऊन ऐकवायचा. ‘काय राव, एकच ना!’ लोक म्हणायचे. ‘एकच नाही,’ हा म्हणायचा, ‘आणि ते कळेल तेव्हा तुम्ही पेढे वाटत नसाल.’ सणासुदीला असलं अभद्र बोलणारा माणूस कुणाला आवडणार? आमच्या बॅचचे बाकीचे हुशार निघाले. पुढे ठेवलेल्या कागदावर डोळे मिटून सही करायची, हीच त्यांची इंजिनिअरिंग. त्यातल्या एकाला परवा जीवनगौरव मिळाला. शाल पांघरताना खांदे तेवढे सरळ केले होते, कणा कुठून आणणार!

रमाकांत मग एकट्याने जुन्या इमारतींची तपासणी करू लागला. कुठल्याही घरात शिरला की चपला काढायच्या आधी बोटाच्या पेराने खांब वाजवून बघायचा. टणक वाजला तर मान हलवायची, पोकळ वाजला तर पुन्हा वाजवायचा. सुलभाला बघायला गेला तेव्हाही कांदेपोहे तसेच ठेवून उठला आणि तिच्या वडिलांच्या भिंतीवर टकटक. ‘मला बघायला आला आणि आमच्या भिंतीला पसंत करून गेला,’ असं ती अजून सांगते... म्हणजे तो होता तोवर सांगायची.

सोसायटीने आपली इमारत त्याच्याकडून तपासून घेतली ती घरचा माणूस म्हणून. सांभाळून लिहील, थोडं प्लास्टर, थोडा रंग, झालं. त्याने लिहून दिलं, इमारत धोक्याची आहे, आधी रिकामी करा. रिकामी म्हणजे बिल्डरच्या घशात, म्हणून हा त्याचा दलाल! सभेत चेअरमन म्हणाले, ‘अरे रमाकांतभाई, ज़रा अ‍ॅडजस्ट करा ना. दुरुस्ती करने लायक है, असं लिहा.’ त्याची आई आयुष्यभर बाजारात मासळी विकत बसली. गिऱ्हाइकाने घासाघीस करत ताजेपणावर शंका घेतली की म्हणायची, ‘म्हावरा ताजा हाय तं हाय, न्हाय तं न्हाय. मधला काय नसतं.’ रमाकांतने भर सभेत आईचं तेच वाक्य ऐकवलं आणि महिन्याभरात आपलं बिऱ्हाड डोंगरीला आईच्या घरी हलवलं. त्याच्या मागे लोकांनी दुसरा इंजिनिअर आणला, हवं ते लिहून घेतलं आणि इमारतीला पिस्ता रंग फासला. वर सत्यनारायण घातला. सळी गंजली तर देव बघून घेईल, आपण शिरा खायचा!

शोकसभा त्याच इमारतीत, खालच्या पार्किंगमध्ये गाड्या हलवून ठेवली. सुलभा आली नाही, मला म्हणाली, तू जा. मधल्या खांबावर रमाकांतचा मोठा फोटो, त्याला झेंडूचा हार, आजूबाजूला पोरं पकडापकडी खेळतायत. चेअरमन गहिवरून बोलले. मग मला चहा देताना फोटोकडे बघत कौतुकाने म्हणाले, ‘फोटो मैंने खुद लगाया, मॅडम. ड्रिलपण नाही लागलं. असा हाताने दाबला, तर खिळा सरळ आत!’

मी कप खाली ठेवला. काँक्रीटमध्ये खिळा ठोकून बघा कधी, वाकतो. मी उठले आणि त्याच्यासारखा पेराने तो खांब वाजवला. मडकं फुटकं निघावं तसा आवाज आला. ‘ऐकलंत?’ मी विचारलं. ‘मॅडम इमोशनल झाल्यात,’ कुणीतरी म्हणालं आणि बिस्किटांची बशी पुढे आली.

काही आठवडे झाले. परवा मुद्दाम रिक्षा त्या बाजूने वळवली. वरच्या मजल्यांवर कपडे वाळत होते, पोरं तिथेच खेळत होती, फोटोही तिथेच होता. वाचताय ना, चेअरमनसाहेब? बाहेर पडा. पोरांना तरी बाहेर काढा. तेवढंही जमणार नसेल, तर त्याचा फोटो उतरवून मला द्या. त्या इमारतीत राहायला त्याने जिवंतपणी नकार दिला होता.