बाबांचं कोटेशन

नांदेडला माझं पुस्तकांचं दुकान होतं आणि आलेल्या गिऱ्हाइकाला मी सगळ्यात आधी विचारायची, "जिल्हा कोणता?" माणूस बिचकायचा. आपण दहावीचं गाइड घ्यायला आलोय की तलाठ्याकडं, असं त्याला वाटायचं. पण माझा नाइलाज होता. पुण्याच्या प्रकाशकानं आम्हा विक्रेत्यांना जिल्हे वाटून दिले होते. नांदेड जिल्हा माझा, उस्मानाबाद जिल्हा लातूरच्या एका दुकानदाराचा. दुसऱ्याच्या हद्दीतल्या माणसाला गाइड विकलं की एजन्सी गेलीच म्हणून समजा. लोह्याचा मास्तर आला तर बसा सर, चहा घ्या. अहमदपूरचा आला तर, "न्हाई हो सर, तुम्हाला लातूरला जावं लागंल." त्याला समोर फळीवर गाइडांची थप्पी दिसत असायची. एक मास्तर इरसाल निघाला. म्हणाला, "बाई, लोह्याला माझी सासुरवाडी हाय. तिथला पत्ता लिहा की." मी गुमान लिहिला.

ही असली गिऱ्हाइकं लातूरच्या दुकानदाराला कळायचीच. मग त्याचं पत्र यायचं, "आपण आमच्या हद्दीत हात घालून राहिलात." मी उलट टपाली लिहायची, "आपण नायगावला गाइडं पाठवता ते कोणत्या हद्दीत येतं?" आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण वैर मात्र सख्ख्या भावकीचं होतं.

अशात पावसानं डोळे वटारले आणि त्याच सुमाराला लातूर वेगळा जिल्हा झाला. तिकडची माणसं खूश. नळाला पाणी न्हाई, पण कलेक्टर आला ना! आणि मला एके दिवशी भर दुकानात लख्ख उजेड पडला. लातूरच्या दुकानावर ही भली मोठी पाटी होती, 'उस्मानाबाद जिल्ह्याचे एकमेव विक्रेते'. आता लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात राहिलंच कुठं? म्हणजे माणूस सकाळी उठून आपलं दुकान उघडतो आणि दुकान त्याच्याच हद्दीबाहेर! मी इतकी हसले की आमचे हे, म्हणजे माझे यजमान, हात खरकटा तसाच घेऊन मागच्या घरातून बाहेर आले. ते रेल्वेच्या हापिसात कारकून होते, बोलणं मोजकं. म्हणाले, "हसू नको. तुझं माहेर पण त्यातच गेलं."

खरंच की. माझं माहेर उदगीर तालुक्यातलं. आता ते लातूर जिल्ह्यात. आणि माझी तिसरीतली भाची अजून 'माझा जिल्हा उस्मानाबाद' असं घोकून राहिली होती, कारण नव्या जिल्ह्याच्या भूगोलाचं सरकारी पुस्तक यायला वेळ होता. मग मीच लिहिलं! तालुके, पिकं, किल्ले, बाजार, माझ्या गावची लिंबाची झाडंसुद्धा. मी आजवर दुसऱ्यांची पुस्तकं विकली होती. हे पहिलं माझं होतं. 'जिल्ह्यातून मांजरा नदी वाहते' या ओळीवर छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी थांबला. "बाई, 'वाहते' ठेवू का?" नदीत तेव्हा टिपूस नव्हता. मी म्हटलं, "ठेवा. पुस्तकात तरी वाहू द्या."

उत्साहाच्या भरात मी गठ्ठेच्या गठ्ठे छापून बसले. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. आमचे हे रात्रंदिवस त्या गठ्ठ्यांना ठेचकाळायचे. "लातूरच्या तिसरीचा भूगोल," ते म्हणाले, "लातूर सोडून जगात कोण घेणार?" मी तोडून बोलले खरी, पण मग शाळांची यादी काढून बसले. नव्या जिल्ह्यात एका शिक्षणसंस्थेच्या बऱ्याच शाळा होत्या. त्यांनी पुस्तक घेतलं तर तरलं, नाहीतर गेलं रद्दीत. आणि रद्दीत माझं गाव जाणार होतं, हे मला सहन होत नव्हतं.

संस्थेच्या हापिसात गेले. तिथल्या कारकुनानं नियम सांगितले. तीन जणांची बंद पाकिटातली कोटेशनं पाहिजेत, म्हणजे स्पर्धा झाली असं दिसतं. ज्याचा दर कमी त्याला काम. दर सारखे आले तर जिल्ह्यातल्या माणसाला पहिलं. "तुम्ही बाहेरच्या," तो म्हणाला.

"मी उदगीरकडची हाय. जन्म तिथला, शाळा तिथली."

"ते माहेर झालं, बाई. लग्न झालेल्या बाईचा जिल्हा नवऱ्याचा."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. अरे, तुमचा जिल्हा काल जन्मला! मास्तरला सासुरवाडीचा पत्ता चालतो आणि मला माहेरचा चालत नाही? पण काम त्याच्या टेबलावरून जाणार होतं. मी जीभ चावली आणि फॉर्म घेतला. गाडीत बसल्यावर मात्र डोळ्यांतून पाणी आलं, ते लोहा आलं तरी थांबेना.

आता तीन कोटेशनांची आमच्या धंद्यातली रीत सांगते. ज्याला काम पाहिजे त्यानंच तिन्ही आणायची. आपलं खरं, बाकीची दोन ओळखीच्यांच्या लेटरहेडवर चढ्या दरानं. ही रीत मी काढली नव्हती, पण मी तीच पाळायची, हे कबूल.

पहिलं लेटरहेड माझ्याकडं आपल्या पायानं चालत आलं. लातूरचा दुकानदार स्वतःच नांदेडला येऊन दारात उभा. किडकिडीत, घामाघूम माणूस. "ताई, पुण्याहून पत्र आलंय. नव्या जिल्ह्यात तूर्त कुणाचाच हक्क न्हाई म्हणतात. मी माझ्याच दुकानात परका झालो हो! तुम्ही तेवढं लातूर मागू नका." सगळं वैर विसरून मला त्याची कणव आली. परकं होणं काय असतं ते मी नुकतंच ऐकून आले होते. मी लातूर मागणार न्हाई असा शब्द दिला, त्यानं सही केलेलं कोरं लेटरहेड दिलं. त्याच्यावर मी चढा दर लिहिला.

दुसरं मागितलं बाबांकडं. माझे वडील निवृत्त मास्तर. गावात आमच्या वस्तीत वाचनालय चालवायचे, त्याचा शिक्का होता, लेटरहेड होतं. मी गावी जाऊन कारकुनाचं बोलणं सांगितलं, रडले, आणि मग कामाचं बोलले. "बाबा, माझा दर हा असा हाय. तुम्ही याच्यापेक्षा जास्त लिहा, पाकीट बंद करा, पाठवून द्या."

"पुस्तक कुणाचं?"

"माझंच."

"मग स्पर्धा कसली?"

"कागदावरची हो!"

बाबांनी माझा दर पुन्हा एकदा नीट वाचला. तिथंच मला कळायला पाहिजे होतं. या माणसानं चौथीत स्वतःच्या लेकीला गणितात नापास केलं होतं आणि आईनं अबोला धरला तरी मार्क वाढवले नव्हते.

पाकिटं फोडायच्या दिवशी मी हापिसात हजर होते. कागदोपत्री स्पर्धक म्हणून लातूरचा दुकानदारही आला होता. त्याचं पाकीट फुटलं, दर चढा. माझं फुटलं, बेताचा. मी पदर सावरून उठायच्या बेतात होते, तोवर बाबांचं फुटलं. कारकून मोठ्यानं वाचायला लागला. "सप्रेम जयभीम. नांदेडच्या दुकानाचा दर मी पाहिला असून तो मला जास्त वाटतो. माझा दर त्याहून कमी आहे. मी याच जिल्ह्यातला रहिवासी आहे."

लातूरचा दुकानदार तोंडावर रुमाल दाबून हसायला लागला. त्याचे खांदे गदागदा हलत होते. "ताई," तो कसंबसं म्हणाला, "हे कोण हो?"

"माझा बाप!" मी म्हटलं.

काम बाबांना मिळालं. पुस्तक माझं, गठ्ठे माझ्या घरात, अन् शाळांना पुरवायचा हक्क बाबांचा! त्यांचं कार्ड आलं, "गठ्ठे पाठवून देणे." यजमानांनी ते एसटीत आनंदानं चढवून दिले, घर मोकळं झालं म्हणून. मी दोन दिवस धुमसले आणि तिसऱ्या दिवशी गाडी पकडून गावी गेले.

गावात टँकर नुकताच येऊन गेला होता. बायका घागरी उचलून घराकडं निघाल्या होत्या. आणि बाबा वाचनालयाच्या ओट्यावर गठ्ठे सोडून बसलेले, शेजारी पातेल्यात खळ. एकेका पुस्तकाच्या आतल्या पानावर छापील चिठ्ठी चिकटवणं चाललं होतं.

"बाबा! प्यायला पाणी न्हाई अन् तुम्ही खळ करून राहिलात?"

"माझ्या आंघोळीचं हाय."

"मला हरवलंत! पोटच्या पोरीला! माझ्या दुकानाची शोभा केली."

"पुस्तक तर शाळेत चाललं की. ते कुठं हरलं?"

"पण दुकान माझं—"

"दुकान नांदेडचंच हाय," बाबा म्हणाले. "तुझा दर लागला असता तर पुस्तक नांदेडचं म्हणून आलं असतं. मला ते नको होतं." आणि त्यांनी एक चिठ्ठी माझ्या हातात दिली.

वर प्रकाशक म्हणून वाचनालय. खाली लेखिका म्हणून माझं नाव, लग्नाआधीचं, शाळेच्या दाखल्यावरचं. त्याच्याखाली पत्ता. मुक्काम पोस्ट आमचं गाव, तालुका उदगीर, जिल्हा लातूर.

मी ती दोनदा वाचली. तरी भांडायची सवय जाते कुठं? "पत्ता चुकलाय," मी म्हटलं. "मी आता नांदेडची."

बाबांनी वर न बघता पुढची चिठ्ठी खळीत बुडवली. "कोण म्हणतंय? तो कारकून? त्याला जाऊन सांग, मास्तरनं तपासून दिलंय."

मग मी डोळे पुसले, पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले.

"सरका बाबा," मी म्हटलं, "सगळ्या चिठ्ठ्या तिरक्या लावून राहिलात."