दामाबाबाचा जोर कुणी घालवला

माझ्या खापरपणजोबाला त्याच्या बॉडीने मारलं.

आणि आमच्या जयेशदादाने काल डोंबिवलीत त्याच बॉडीचं बॅनर लावलंय. नवीन जिम, नाव दामाबाबाचं. चित्र कॉम्प्युटरवर बनवलेलं, पोटावर पॅक्स, दंडाला तेल. खाली लिहिलंय, 'वारसा ताकदीचा'.

ताकदीचा? दादा, जरा तरी लाज वाटू दे.

पितृपक्षातलं दामाबाबाचं पान आज आहे. म्हणून आजच लिहितेय. ज्यांना 'अभिनंदन भावा' करायचंय त्यांनी त्याच्या वॉलवर जावं.

दामाबाबा म्हणजे माझ्या आजोबांचा आजोबा. एकोणिसाव्या शतकाची शेवटची वर्षं. ठाकुर्लीच्या बाजूला खाडीकाठी आमचं गाव आणि तो मिठागरावर कामाला. मिठाच्या गोणी पाठीवर घ्यायच्या आणि मोठ्या होडीत चढवायच्या.

अंगाने काटक. बघून कुणी वळून पाहिलं नसतं. पण होडीचा लोखंडी नांगर एकटा उचलून काठावर ठेवायचा. बाकी लोक तिघंतिघं लागायचे.

ही उगाच मारलेली बढाई नाही. आजोबांनी दामाबाबाच्या बायकोच्या तोंडून ऐकलेलं. ठकूबाय. ती खूप म्हातारी होऊन गेली.

एकदा मिठागराच्या मालकाने त्याला नांगर उचलताना पाहिलं.

झालं. मालकाला दारात पैलवान हवा होता. बग्गी होती, घोडा होता, तेवढंच राहिलेलं.

दामाबाबाला मिठावरून काढला आणि ठाण्याला बंगल्यावर नेऊन ठेवला. दूध, तूप, बदाम. सकाळ-संध्याकाळ दंड आणि बैठका, शेकड्याने. हलकी मुद्गलं फिरवायची, घाम सुकायच्या आत परत सुरू. ओझं उचलायला मात्र सक्त मनाई. ओझ्याने म्हणे अंग ओबडधोबड होतं.

मी पॉवरलिफ्टिंग करते, म्हणून हे मला सांगू द्या.

मध्यम वजन, भरपूर रेप्स म्हणजे एका दमात खूपदा उचलणं, कमी आराम, पोटभर खाणं. याने मसल भरतो. साइज येते.

जड वजन, मोजके रेप्स, मध्ये लांब विश्रांती. याने ताकद येते. पाय, पाठ, मूठ सगळं एकाच क्षणी जोर लावायला शिकतं.

मसल वाढला की थोडी ताकद वाढते, नाही कोण म्हणतंय? पण जड उचलणं सोडलं की शरीर ते विसरायला लागतं. बाहेरून कुणाला काहीच कळत नाही.

दामाबाबाला कळलेलं.

अंग दुप्पट झालं होतं. पाहुणे यायचे, दंड दाबून बघायचे, बाजारात बैल बघतात तसे. सणाला घरी आला तेव्हा भाताचं पोतं उचलताना त्याची पाठ थरथरली. ठकूबायने पाहिलं.

परत गेल्यावर त्याने मालकाला सांगितलं, "मालक, आंग वाढलाय पन जोर गेलाय. मना थोडे दिस मिठावर जाव द्या."

मालक हसला. "तुला जोर कशाला हवाय रे? गोणी उचलायला माणसं आहेत माझ्याकडे. तू फक्त दिसायचंस."

फक्त दिसायचंस.

काही महिन्यांनी मालकाकडे गोरे साहेब आले. मालकाला फुशारकी मारायची होती. सगळ्यांना घेऊन बंदरावर गेला आणि म्हणाला, "दामा, तो नांगर उचल."

दामाबाबा जवळ जाऊन हळूच म्हणाला, "आज नको मालक. दोन वरसा झाली, हात नाय लावला."

"साहेब उभे आहेत. उचल."

नाही म्हणाला असता तर? घर त्याच मालकाच्या जमिनीवर. ठकूबायच्या पोटात मूल.

त्याने उचलला. नांगर गुडघ्यापर्यंत आला. मग पाठीतून काहीतरी गेलं आणि तो तसाच खाली बसला. पाय हलेनात.

मालक काय म्हणाला माहितीये?

"एवढं दूध फुकट गेलं."

बैलगाडीत घालून घरी पाठवला. दूध बंद. महिन्याभरात बंगल्यावर दुसरा पैलवान.

ठकूबाय बाळंतपणानंतर डोक्यावर मिठाच्या टोपल्या वाहायला लागली. दामाबाबा ओटीवर पडून. पार ठाण्याहून लोक यायचे, पैलवानाचं काय झालं बघायला. तो भिंतीकडे तोंड करायचा. पोरगं जवळ आणलं तरच वळायचा.

दुसऱ्या पावसाळ्यात गेला.

तेव्हा मालकाचा माणूस आला. म्हणाला, "मालक खर्च करतायत. पैलवानाला खुर्चीत बसवून, वाजतगाजत नेऊ. लोकांना बघू दे."

ठकूबायने घरातली चादर आणली. पायापासून डोक्यापर्यंत पांघरली आणि कडा अंगाखाली खोचल्या.

"आता त्याला कोनी बघाचा नाय," म्हणाली. "जा. सांग तुझ्या मालकाला."

गावातल्या चार माणसांनी उचलला, तिनेही खांदा दिला. बायका तेव्हा स्मशानात जात नसत. कुणाची अडवायची हिंमत झाली नाही.

दामाबाबा, पान वाढलंय. सावकाश जेव.

तुझ्या नातवाच्या नातीचा नमस्कार.